मान्सासाठी बकऱ्याचं सूप

मान्सा,

मी बाजारात चाललेय. तुला झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. चुलीवर बकऱ्याच्या मटणाचं पातळ सूप आहे. आलं आणि लाल मिरची मुद्दाम जास्त घातलीय. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी वाटी संपव, सर्दी त्यानेच सुटते. सुपासोबत फुफूचा गोळा आज नको, जड पडेल. संत्री वरून सोलून ठेवलीत, चोखून खा.

दारामागे तुझी भरलेली बॅग दिसली. चर्चच्या बायकांसमोर मी तुझ्या सुपाला भांडी धुतलेलं पाणी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे, तुझ्या सासऱ्याला, ओसेईच्या बापालाही तिने कधी सोडलं नाही. पण तू रडलीस ते मी पाहिलं. कुमासीला आईकडे जायचं तर जा, मी अडवणार नाही. फक्त अशा तापात बसचे धक्के खाऊ नकोस.

माझी असांका ओट्यावर काढून ठेवलीय. मिरची वाटायचं ते मातीचं भांडं माझ्या आईचं, सख्ख्या बहिणीलाही मी त्याला हात लावू दिला नाही. बरी झालीस की त्यात वाटण कर. तू जे रांधशील ते मी मुकाट्याने जेवेन.

ओसेईची आई