गांडुळांची बदली

४ मार्च
खतासाठी मागवलेली गांडुळं आली. ओल्या गोणपाटाच्या पिशवीत, मूठभरच वाटली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच माझ्या हाताखाली कोणी आलं. गॅलरीत प्लास्टिकचा डबा — तळाला भोकं, आत भिजवून पिळलेल्या पुठ्ठ्याचं अंथरूण. पुठ्ठा हिने फाडला, हिने भिजवला, हिनेच पिळला. नियोजन माझं.

५ मार्च
ही म्हणते, सुरुवातीला थोडंच घाला, जागा अंगवळणी पडू दे. मी नव्या माणसाच्या टेबलावर पहिल्याच सकाळी फायलींचा ढीग ठेवत असे. कलिंगडाची सालं, कालचा भात, पावाचे तुकडे — काठोकाठ भरलं.

८ मार्च
तपासणी. चमच्याने अंथरूण उलटून पाहिलं. सगळी खाली दडून बसलेली. साहेब आल्यावर दिसेनाशी होणारी मंडळी मी उभी नोकरी पाहिली आहेत.
"अहो, झोपलेल्याचं पांघरूण रोज कोणी ओढतं का?" ही मागून म्हणाली. कामाला वेग यावा म्हणून खुराक दुप्पट केला, वर लिंबाची सालं.

११ मार्च
वास. ही म्हणते डब्याचा. माझ्या मते ड्रेनेजचा. वॉर्ड ऑफिसला कळवायला हवं.

१२ मार्च
गांडुळं डब्याच्या कडा चढून बाहेर पडली आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडली. वहिनी चादरीसकट वर आल्या. मी म्हटलं, हवापालटाला निघाली असतील.
"भाऊजी, ही जीव मुठीत धरून पळालीत."
यावर ही हसली. गालातल्या गालात नव्हे — खळखळून, भिंतीचा आधार घेऊन. इतक्या वर्षांच्या संसारात हिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. की पाहायचं राहिलं?
दोघींनी उरलेली गांडुळं वेचली, डबा धुतला आणि उचलून वहिनींच्या गॅलरीत नेला. परस्पर बदली. मला साधं विचारलंसुद्धा नाही.

१५ मार्च
ही दुपारभर खालीच असते. माझं ताट झाकून ठेवलेलं. दोघींचं बोलणं वरपर्यंत येतं, शब्द कळत नाहीत. हसणं कळतं.

१७ मार्च
जुन्या ऑफिसात फोन लावला. म्हटलं, स्टाफला खतावर चार गोष्टी सांगाव्यात. माझ्या केबिनबाहेर स्टुलावर बसणारा शिपाई आता क्लार्क झालाय. फोन त्यानेच घेतला. त्याने माझा आवाज ओळखला नाही. नाव सांगितलं.
"कामाचं बोला, कोणत्या विभागातून?"
विभाग सुचेना. फोन ठेवला.

१९ मार्च
जेवताना ही आपणहून म्हणाली, गांडुळं आता खायला लागलीत. अंथरुणात कोरडा पुठ्ठा मिसळला, सालं बारीक चिरून मूठभरच घातली, वास गेला. "आणि उकरत नाही आम्ही," म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं.

२० मार्च
खाली गेलो. दार वहिनींनी उघडलं. काय बोलायचं ते जिन्यात नीट जुळवलं होतं — डब्याची मालकी वगैरे. तोंडातून भलतंच गेलं : "मला काही काम आहे का इथे?"
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग हिने ओले हात पुसले आणि खुंटीवरची पिशवी मला दिली.
"भाजीवाल्याकडून टाकाऊ पाला आणा. कोबीचा चालेल. सडका नको."
निघालो. कोबीचा चालेल, सडका नको — रस्ताभर पुटपुटत गेलो, विसरायला नको म्हणून.