शिसवाची पेटी, सरस न लावता

३ जुलै, बुध.
शिवलीलाला नोकरी लागली. रत्नागिरीला, दवाखान्यात नर्स. वीस तारखेला पूर्णेहून गाडी, पनवेलपर्यंत, पुढं कोकणची. मला तिनं नाही सांगितलं. तिच्या अप्पांच्या किराणा दुकानात तेल आणायला गेलो, तर ते गिऱ्हाइकांना पेढे वाटत होते. मलाही दिला. खिशात टाकला.
अकरावी-बारावी एका वर्गात होतो. मग ती नर्सिंगला परभणीला, मी बी.एस्सी.ला. दुसऱ्या वर्षी जर्नल फाडून सरांच्या टेबलावर टाकलं अन् घरी आलो. दीड वर्ष झालं, युसूफचाचांच्या सुतारकामाच्या दुकानात आहे. पस्तावा नाही. रंधा चालू असला की डोकं थंड राहतं. तसली दुसरी जागा अजून सापडली नाही.
ठरवलं. तिला पेटी करून द्यायची. बोलायचं ते पेटीच बोलंल. मी बोलायला गेलो की भांडण होतं.

४ जुलै
चाचांना सांगितलं, लहान पेटी करायचीय, नक्षीची. कुणाला ते नाही सांगितलं.
"आत क्या रखने वाले?"
"ठेवील काहीबाही."
"काहीबाही की पेटी नहीं बनती, मिलिंद. पहले पूछ, मग लाकूड काढ."
विचारू कसं? विचारलं की कळलंच. मी म्हटलं, तुमी नका सांगू, मला येतं.
चाचा हसले. त्यांचं हसणं मला लय लागतं.

६ जुलै, शनि.
लाकडं चार. भंगारवाल्याकडून आणलेला जुन्या रेल्वे स्लीपरचा तुकडा (लोखंडासारखा), कडुलिंब, बाभूळ, अन् चाचांच्या माळ्यावरच्या मोडक्या पलंगाची शिसवाची फळी. परवा रात्री प्रत्येकाचा तुकडा एकेका स्टीलच्या डब्यात गुळाच्या खड्याबरोबर बंद करून ठेवला होता. आज गूळ खाऊन बघितला, लाकडाचा वास लागतो का ते.
स्लीपर: डांबर. थुंकलो.
लिंब: कडू. गूळ कडू लागतो हे आयुष्यात पहिल्यांदा.
बाभूळ: बरा, पण फळीला चिरा.
शिसव: गूळ गुळासारखा.
आई बघत होती. "गँगमन वडील रुळावर जेवढं चाललं न्हाईत तेवढं डोकं तुझं चालायलंय. कुणासाठी हाय एवढं?"
"गिऱ्हाईक."
"गिऱ्हाइकाचा गूळ घरचा कामून?"

९ जुलै, मंगळ.
शिसव रंधून निघालं. आत जांभळट काळ्या रेषा, कुणी शाई सांडल्यासारख्या. अर्धा तास नुसता हात फिरवत बसलो. झाकणावर वेल करणार. पानं शिंपल्याची. पूर्णा नदीच्या काठावरून पिशवीभर आणलेत, आतून चमकतात ते. कानशीनं घासले, बोटं सोलली. मजा आली.
सांध्यांना सरस. चाचा तोच वापरतात, डब्यातल्या पांढऱ्या गोंदाला नावं ठेवतात. सरसाच्या कांड्या रात्री भिजवल्या, सकाळी पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून शिजवल्या. वास घाण. पण धरतो असा की काय सांगू.
शिकंजात आवळून ठेवली. पेटी झाली जवळजवळ. उरलं लाखेचं पॉलिश.

१० जुलै
झेरॉक्सच्या दुकानात शिवलीला (इथून पुढं शि.). कागदांची चळत हातात. मी आपलं सहज विचारल्यासारखं, सामान काय काय नेतीस?
म्हणाली, कपडे झाले, एका गोष्टीची अडचण हाय. आजी गेल्या साली गेली, तिनं हातानं वळलेले विभूतीचे तीन गोळे उरलेत, अन् तिची रुद्राक्षाची माळ. "हॉस्टेलच्या कपाटात चपला-कपड्यांत कसं ठेवू? रोज सकाळी लिंगपूजेला लागती मला. काहीतरी चांगलं बघायलेय ठेवायला."
मला उडी मारावीशी वाटली. पेटी तयार हाय, हे ओठांवर आलं होतं.
दुकानावर परत येईपर्यंत डोक्यात पडलं. सरस.
सरस कशाचा असतो ते सगळ्या सुतारांना माहीत. जनावरांचं कातडं, हाडं उकळून. शि.च्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. अन् तिच्या आजीची विभूती मी त्यात...

१० जुलै, पुन्हा
राग आला. आधी स्वतःचा, मग तिचा, मग सगळ्यांचा. आमच्या घरी बुद्धवंदना. मी विभूती मानत नाही, सोवळं तर मुळीच नाही. आजोबांना ह्याच गावात दुरून पाणी वाढायचे. कातड्यानं पेटी बाटत असंल तर माझा हात लागलाय त्याचं काय? द्यायचीच नाही. किंवा तशीच द्यायची. कुणाला कळणारय?
पाटावर पटाशी आपटली. पटाशीला खांडा पडला. चाचांनी धार लावायचा दगड पुढं सरकवला.

११ जुलै, गुरु.
चाचांना सगळं सांगितलं. नावासकट. त्यांना आधीच माहीत होतं. (कसं?)
म्हणाले, "अरे पागल, उनके घर का देवघर मेरे बाप ने बनाया. त्याला सरसच हाय. चालीस साल से पूजा चालू."
"त्यांना माहीत हाय?"
"किसी ने पूछाच नहीं."
म्हणजे द्यायला हरकत नाही. दुपारपर्यंत खूष होतो. डबा खाताना लक्षात आलं, की त्यांनी विचारलं नव्हतं, ठीक. चाचांच्या वडलांना विभूतीचं कुणी सांगितलं नव्हतं, तेही ठीक. मला तर तिनं स्वतः सांगितलंय. कुठली गोष्ट, कुणी वळलेली, किती उरलेली. आता मला माहीत आहे. हे माहीत असणं आता काही केल्या जात नाही.
शि. मला कधी दुरून वागली नाही. बारावीत माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायची, तोंड लावून.
पेटी खोलणार. चाचा म्हणाले, सरसाचं तेवढं बरं असतं, गरम पाण्यानं सुटतो.

१२ जुलै
ओलं फडकं, गरम पाणी, पातळ सुरी. चार तास. सांधा सुटताना बारीक आवाज येतो, चुक् असा. जीव तुटला, पण एक फळी फुटली नाही. कडा खरवडून साफ केल्या.
आता जोडायचं कशानं? चाचा अन् मी यादी केली. सरस गेला. शिंपला पण जनावरच, गेला. पॉलिशची लाख किड्याची, गेली.
चाचा: "अब क्या, हवा लगा के चिपकाता?"
दोघंही लय हसलो. गिऱ्हाईक आलं तरी हसत होतो.
शेवटी असं: फळ्यांच्या टोकांना दात कापायचे, एकात एक बसवायचे, वरून बांबूच्या खुंट्या ठोकायच्या. चिकटवायचं काहीच नाही. शिंपल्याच्या जागी हळदूच्या लाकडाची पिवळी पानं, घट्ट कोरून बसवलेली. वरून जवसाचं तेल. बिजागऱ्या पितळी.

१६ जुलै, मंगळ.
दात कापताना दोनदा चुकलो. पेटी प्रत्येक चुकीला बोटभर लहान होत गेली. विभूतीचे गोळे केवढे असतात ते अप्पांच्या दुकानात बघून आलो, विकायला असतात. अप्पा म्हणाले, "तुला कशाला रे विभूती?" म्हटलं, माप घ्यायलोय. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मोजपट्टी खिशात घातली अन् निघालो.
मावतात. माळ पण.

१९ जुलै, शुक्र.
दिली.
बसस्टँडमागच्या रसवंतीपाशी. ती मैत्रिणीला भेटायला म्हणून आलेली. वर्तमानपत्रातून काढली, हातात दिली. झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. वास घेतला. म्हणाली, "जवस?"
मग मीच सगळं ओकलो. पहिल्यांदा सरस लावला होता, खोलली, परत केली, कशाकशानं केली. ती म्हणाली,
"न सांगता दिली असतीस तर मला कळलं नसतं."
"मला माहीत होतं ना."
इथं थांबायला पाहिजे होतं. नाही थांबलो. "सगळ्याला हात मात्र माझाच लागलाय. ते चालंल का तुझ्या पूजेला?"
तिचं तोंड लाल झालं. "परत असं बोललास तर हीच पेटी डोक्यात घालीन, मिलिंद. मी तुला कधी विचारलं का कोण, काय? तूच दर वेळी मधी आणतोस."
खरं आहे. मीच आणतो. भीती वाटते म्हणून आधी मीच आणतो.
पेटी ओढणीत गुंडाळून घेऊन गेली. जे बोलायचं होतं ते पेटीनं सांगितलं का, माहीत नाही. मी तरी नाही सांगितलं.

२० जुलै
स्टेशनवर गेलो नाही. गाडीचा भोंगा दुकानात ऐकू आला. दाराची चौकट पूर्ण केली. छान झाली.

२८ जुलै, रवि.
काही नाही. म्हणजे फोन नाही. चाचांनी पटाशीच्या कामात मला एकट्याला सोडलं आज, पहिल्यांदा. आईला चपातीचा पोळपाट केला, बाभळीचा. आई सगळ्या गल्लीला दाखवून आली. अधूनमधून रत्नागिरीचं हवामान बघतो मोबाइलवर. रोज पाऊसच.

६ ऑगस्ट, मंगळ.
शि.चा मेसेज. अठरा दिवसांनी.
"पेटीचं झाकण बसलंय. उघडतच नाही. कालपासून विभूती आतच हाय. सुरी घालू का?"
लगेच लिहिलं, सुरी घालू नको. ओढू पण नको. थांब.
चाचांना दाखवलं. "लाख नहीं मारी ना. समंदर की हवा, लाकूड पाणी पिलं, फुगलं. किनारे पे दो बार रंधा फिरव, हो गया."
"तिला कसं जमंल रंधा?"
चाचांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं विचारलंच नाही.

८ ऑगस्ट, गुरु.
दोन दिवस लिहून खोडत होतो. आज पाठवलं: झाकणाची कड रंधावी लागते. इथं पाठवलीस तर आत ठेवलेलं हलेल, गोळे फुटतील. मी येऊन करून दिली असती. तू म्हणशील तर.
पाठवलं अन् फोन भुशाच्या ढिगात पालथा ठेवला. एक अख्खं कपाट घासून होईपर्यंत बघितला नाही.
उत्तर आलेलं. "सध्या बोटावर राख घेऊन चालवायलेय, आजीची नाही, उदबत्तीची."
खाली अजून एक ओळ, दहा मिनिटांनी आलेली. "रविवारी माझी ड्यूटी नाही."
एवढंच. ये म्हणालेली नाही. नको पण म्हणालेली नाही.
चाचा लहान रंधा तेल लावून फडक्यात गुंडाळायलेत. मी काही मागितलेला नाही. पनवेलपर्यंतच्या गाडीला शनिवारी जागा आहे का, बघायलोय.