श्वास काढायचं काम

११ एप्रिल
दिवसभर रेकॉर्डिंगमधले श्वास कापले. धम्मदीपदादाच्या एका गाण्यात एकशे बारा श्वास! प्रत्येक ओळीआधीचा शोधायचा, पडद्यावर निवडायचा, उडवायचा. एवढ्या नावाजलेल्या रॅपरकडे बीट बनवायला शिकायला आले आणि हाती आली साफसफाई. दादा म्हणतो, "लोकांना दम लागलेला माणूस नको असतो, शब्द पायजेत. काढ."
आबांनी घरी विचारलं, "दिसभर काय करती गं तितं?" सांगितलं. म्हणाले, "मंग त्यात गानं कुटं हाय?"
बापाला काय सांगणार, कप्पाळ.

२४ एप्रिल
आज माझा बीट वाजवला. औंढ्याच्या यात्रेतला ढोल, मीच फोनवर टिपलेला. दादा डोळे मिटून ऐकत बसला. मग म्हणाला, "ठेवू हे. अल्बमवर तुझं नाव टाकू – निर्मिती: समीक्षा."
घरी येईपर्यंत स्कूटीवर एकटीच हसत होते.

६ मे
दादाच्या श्वासात बारीक शिट्टी येतेय. माइकचा दोष दिसतोय. वायर बदलली, तरी आहे. खिडकीच्या फटीतून वारा येत असेल म्हणून आईची गोधडी नेऊन टांगली. तरी आहे. दादाला म्हटलं, माइक बदलू. "बदल," म्हणाला.

८ मे
नव्या माइकवरही तेच.

१९ मे
मी येण्याआधीची रेकॉर्डिंग काढून ऐकली. गेल्या दिवाळीतले श्वास स्वच्छ. फेब्रुवारीत शिट्टी सुरू. आता प्रत्येक श्वासाला आहे, आणि श्वास लांबलाय. पूर्वी चार ओळी सलग म्हणायचा, आता एक ओळ दोन तुकड्यांत.
दोष माइकचा नाही. दोन आठवडे वायरी बदलत बसले – गाढव!
सांगायला हवं. पण अल्बम दीड महिन्यावर आलाय. दादा थांबला तर माझं नावही थांबलं. लिहिताना स्वतःची किळस येतेय, पण खरं हेच आहे.

२ जून
ज्योत्स्नावहिनी चहा घेऊन आल्या. दादा खाली गेला होता. हळूच म्हणाल्या, "समीक्षा, यांचा आवाज बसल्यासारखा वाटतो का गं? मला म्हणतात, गार पाण्यानं झालंय."
म्हटलं, "रेकॉर्डिंगमध्ये तर छान येतोय, वहिनी."
खोटं नव्हतं. छान मीच केलाय तो. त्या खुशीत कप उचलून गेल्या आणि मी पुढचा श्वास कापायला घेतला.

१५ जून
आज एका गाण्यात दोनशे सहा श्वास.

४ जुलै
अल्बम आला. माझं नाव आहे. आबांनी तिकोणा पेठेतल्या आत्याला फोन करून सांगितलं, "आमच्या पोरीचं नाव छापून आलंय." ऑनलाइन गाण्याखाली कुणीतरी लिहिलंय – एका दमात आठ ओळी, माणूस आहे की मशीन!
त्या आठ ओळी आम्ही तीन दिवस जोडत होतो.

१२ जुलै
लोणावळ्यातला कार्यक्रम. दुसऱ्याच गाण्यात दादाचा आवाज गेला. ओठ हलतायत, बाहेर काही नाही. पोरांना वाटलं, मुद्दाम करतोय. तीच म्हणू लागली, नाचू लागली. मी टेबलामागे उभी. बीट बंद करायला हात उठेना. गाणं संपेपर्यंत वाजवला.

२१ जुलै
दादा-वहिनींबरोबर पुण्याला हॉस्पिटलात गेले. घशात गाठ, पसरलेली. स्वरयंत्र काढावं लागणार.
डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? दादाने वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "दीडेक महिना झाला असेल." डॉक्टर म्हणाले, चार महिने आधी आला असतात तर आवाज वाचवता आला असता.
माझ्याकडे तारखेसकट सगळं होतं. खुर्चीला चिकटून बसले.

२ ऑगस्ट
ऑपरेशन झालं.

९ ऑगस्ट
दादाजवळ एकटीच होते. सगळं सांगितलं – शिट्टी, १९ मे, वहिनींशी बोललेलं, सगळं. रडले खूप. दादाने फोन ओढून घेतला, टाइप केलं आणि माझ्यापुढे धरला. ‘मला फेब्रुवारीतच माहीत होतं. तपासणी केली होती. अल्बम सोडवेना. तू विचारणारी नाहीस, म्हणून तुला ठेवलं.’ मग ते पुसून टाकलं.
बाहेर वहिनी बाकावर बसल्या होत्या. विचारलं, "काय लिहिलं गं त्यांनी?"
म्हटलं, "गाण्याचं काहीतरी."