कै. बुल्लेम्मा

मंगळवार, २ डिसेंबर

आज मी मेले!

म्हणजे खोक्यावर तसं छापलंय. शेजारच्या वीरवेणीच्या सुनेच्या माहेरून मिठाई आली, रीतीप्रमाणे तिने घरोघरी वाटली. आमच्या वाट्याला पूतरेकुलूचा खोका – तांदळाच्या कागदासारख्या पापुद्र्यांत तूप-गूळ. म्हटलं, वा, पूतरेकुलू करणारणीच्याच दारात पूतरेकुलू! उलटा करून बघते तर माझा फोटो. गळ्यात झेंडूचा हार. खाली ठळक अक्षरात – ‘कै. बुल्लेम्मा यांच्या हातची चव. राजमहेंद्री.’

फोटो खराच आहे. दोन वर्षांपूर्वी पंचायतीने सत्कार केला होता, तेव्हा पेपरात आला होता. हारसुद्धा तेव्हाचाच.

ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “अगं, तू गेलीस आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही!” स्वतःच खो खो हसत बसले. मला नाही आलं हसू.

एक खाऊन पाहिला. तूप बरं, गूळ बरा. पापुद्रा मात्र जाड! दाताखाली येतो. हे लोक माझं म्हणून खातायत?

बुधवार, ३ डिसेंबर

खोका फेकणार होते. नाही फेकला. कपाटात साड्यांखाली ठेवला.

खरं सांगायचं तर – छापलेलं नाव बघून आधी बरंच वाटलं होतं. ‘कै.’ नंतर दिसलं. गावात मी सत्यमची बायको, सूरीची आई, आता झांसीची सासू. चाळीस वर्षं तापल्या मडक्यावर पापुद्रे काढत हात भाजले, पण माल गेला तो नेहमी व्यापाऱ्याच्या नावाने. मालावर माझं नाव पहिल्यांदा छापलं, तेही चोराने.

शनिवार, ६ डिसेंबर

भीमावरमच्या लग्नाची ऑर्डर गेली. फोनवर मुलीचे काका म्हणाले, “बुल्लेम्मा तर वारल्या ना? त्यांचं दुकान राजमहेंद्रीला आहे. तुम्ही कोण त्यांचं नाव लावणाऱ्या?”

मी कोण!

म्हटलं, अहो मीच ती. तर म्हणे, “असं कुणीही म्हणेल, बाई.” आणि ठेवला फोन.

शेडमध्ये माझ्या कामाच्या बायका, मंगतायारू आणि पापा, ऐकत होत्या. दोघींनी हात थांबवले. लग्नसराईवर त्यांचं वर्ष निघतं. पापाने हळूच विचारलं, “अक्का, संक्रांतीच्या ऑर्डरीपण जातील का गं?” मी ओरडले, “मडकं तापलंय, आधी काम कर!” नंतर वाईट वाटलं.

रविवार, ७ डिसेंबर

झांसीने वकील गाठला, तिचा मावसभाऊ. म्हणाला, नोटीस पाठवू. आणि मुख्य म्हणजे नावाची नोंदणी तुम्ही स्वतः करून घ्या, नाहीतर उद्या तो करेल आणि तुम्हालाच नोटीस पाठवेल.

माझ्या आईने ठेवलेलं नाव, आणि नोटीस मला! मी म्हटलं, पाठव. पण आधी मला त्याचं तोंड बघायचंय.

बुधवार, १० डिसेंबर

राजमहेंद्रीला जाऊन आलो, झांसी आणि मी.

दुकान चकचकीत. आणि गल्ल्याच्या वर – मी! मोठ्या फ्रेममध्ये. चंदनाचा हार, समोर दिवा, उदबत्ती. एक गिऱ्हाईक बाई खोका घेऊन निघाली, जाता जाता फोटोला हात जोडले. मी शेजारीच उभी!

गल्ल्यावरच्या तरुणाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग परत माझ्याकडे. हातातला खोका सुटला. “पेद्दम्मा,” म्हणाला. मावशी म्हणून हाक मारतोय, चोर! झांसी पदर खोचून पुढे झाली – “काय रे, आमच्या अत्तम्माला, माझ्या सासूला, कधी पोचवून आलास?”

“आई म्हणाली... आई म्हणाली तुम्ही गेलात म्हणून.”

“कोण तुझी आई?”

“रत्नम.”

मी तिथल्या स्टुलावर बसले. रत्नम! माझ्या शेडमध्ये दुसऱ्या चुलीपाशी अकरा वर्षं बसली. सगळं माझ्याकडे शिकली. नवऱ्याला कागद गिरणीत काम लागलं तसं बिऱ्हाड हललं, जाताना तिला एक मुरलेलं मडकं दिलं होतं मी. आमच्यात आपलं मडकं कुणी कुणाला देत नाही. हा तिचा चिट्टिबाबू, शेडमध्ये रांगायचा.

स्टूल ओढलं, वर चढले आणि हार स्वतःच्या हाताने काढला. दिवा फुंकला. “जिवंत माणसापुढे असलं काही लावू नये,” एवढंच बोलले.

गुरुवार, ११ डिसेंबर

झांसी विचारते, नोटीस पाठवायची ना? म्हटलं, थांब.

रविवार, १४ डिसेंबर

एकटीच गेले रत्नमच्या घरी. पलंगावर बसली होती, गुडघ्यांना तेल चोळत. वर बघेना.

“मला का मारलंस गं?”

तेलाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “तू जिवंत आहेस म्हटलं असतं तर चिट्टी परवानगी मागायला आला असता. तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते!”

“म्हणूनच.”

मला एवढा राग आला, की हसूच आलं. ती नाही हसली. म्हणाली, “तो म्हणत होता, अम्मा, तुझंच नाव लावू दुकानाला. मी म्हटलं, रत्नमला कोण ओळखतं? चव बुल्लेम्माची आहे, तिचंच लाव.”

“चव माझी? ते जाड पापुद्रे?”

इथे मात्र तिला लागलं. गुडघे गेल्यापासून ती चुलीपाशी बसत नाही. पगारी मुली गॅसवर काढतात, नारळाच्या झावळ्यांचा जाळ नाही, पिठात बुडवलेला कपडा मडक्यावरून ओढायची घाई. “मला माहीत नाही का?” म्हणाली. “तुला करायचं ते कर. कोर्टात जा.” आणि भिंतीकडे तोंड केलं.

चहासुद्धा दिला नाही. येताना बसमध्ये रडले. रागाने की कशाने, कोण जाणे.

शनिवार, २० डिसेंबर

चिट्टिबाबू आला. ताटात हळद-कुंकू, केळी, साडी. एकटाच. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाला, “पेद्दम्मा, आधी विचारायचं ते आता विचारतोय.”

हे म्हणाले, “ये बाबा, कैलासवासी घरातच आहेत.”

मी साडी घेतली नाही, केळी घेतली. सांगितलं – नाव माझंच राहील, नोंदणीही माझ्याच नावाने, वकील कागद करेल. ‘कै.’वाले खोके सगळे जाळायचे, ते मी बघणार. भीमावरमच्या काकांना तू स्वतः फोन करायचास. आणि दुकानात माल जाईल तो माझ्या शेडमधला. पापुद्रा पेपरवर ठेवायचा, खालची बातमी वाचता आली तरच माझं नाव. नाहीतर बोर्ड उतरव.

लगेच हो म्हणाला! आईचं विचारलं तर मान खाली. “बोलत नाही कुणाशी.”

पापाने आनंदात पिठाचा टोपच सांडला. आज ओरडले नाही.

शनिवार, २७ डिसेंबर

खोके जाळले. स्वतःला जळताना बघणं – नको रे बाबा!

भीमावरमचे काका आले. माफी मागितली, दुप्पट ऑर्डर दिली. दोनदा मला निरखून बघितलं.

शुक्रवार, २ जानेवारी

नवा खोका उद्या छापायला जाणार. झांसीने बिनहाराचा फोटो निवडलाय, त्यात मी हसतेय. मधोमध नुसतं ‘बुल्लेम्मा’. पुढे काही नाही, मागे काही नाही. दिवसभर चार वेळा बघितला.

दुसरी चूल अजून रिकामीच. माल पुरेल ना संक्रांतीला?

शनिवार, ३ जानेवारी

सकाळी दारात रिक्षा. रत्नम! मुलाच्या खांद्यावर हात टेकून उतरली. काखेत फडक्यात गुंडाळलेलं मडकं – तेच, मी दिलेलं. “उंच पाट दे मला,” एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या चुलीपाशी जाऊन बसली. पहिला पापुद्रा काढला. मी पेपरवर ठेवला. अक्षर न् अक्षर वाचता आलं.

झांसीला सांगितलं, छपाई थांबव. खोक्यावर एक नाव राहिलंय.