व्हायोलिनवाल्यांचा सूट

३ डिसेंबर

दादाने दुकानाच्या काचेला दिव्यांची माळ लावली! मी म्हटलं, यंदासुद्धा? तर म्हणाला, “गिऱ्हाईक माळ बघून आत येतं, आपली तोंडं बघून नाही.” बरोबर आहे त्याचं. तरी ती माळ ओढून काढावीशी वाटली. काढली नाही. कोटांना बटणं लावत बसले.

५ डिसेंबर

वर्षअखेरची सुट्टी म्हणजे ड्रायक्लीनिंगवाल्यांची सुगी. वर्षभर कपाटात कोंबलेले कोट, झगे, टाय — सगळे लोकांना आत्ताच आठवतात, आणि उद्याच्या उद्या हवे असतात. मान वर करायला फुरसत नाही. एका अर्थी बरंच आहे. दादा इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहतो, पण बाबा उभे राहायचे ती जागा सोडून, जरा कडेला. वाकडं उभं राहून त्याची पाठ धरलीय. मी म्हटलं, अरे, मधे उभा राहा. “राहीन,” म्हणतो.

आज कोपऱ्यावरची फुलवाली पडदे घेऊन आली, दोन महिने गावी होती ती. “बाबा दिसत नाहीत ते! शेवटी पाठवलंत का सुट्टीवर?” मी म्हटलं, “हो.” हो! ऑक्टोबरात गेलेला माणूस, आणि मी त्याला सुट्टीवर धाडून मोकळी! ती म्हणाली, “बरं केलंत गं, फार राबले,” आणि हसत गेली. वळून पाहते तर दादा मशीनपाशी उभा, सगळं ऐकून. वाटलं, आता चिडणार. तर म्हणाला, “परत कधी येणार ते नाही ना विचारलं?” आणि आम्ही दोघं असे काही हसलो की माझी मलाच भीती वाटली. मग तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

८ डिसेंबर

आई अजून खाली उतरत नाही. घर दुकानाच्या वरच, जिना उतरला की काउंटर. सगळा जन्म तिथे पावत्या फाडण्यात गेला तिचा. आता दुपारची जेवणं झाली की खोलीचं दार लावून घेते. एकदा ठोठावलं मी. “आहे गं, मरत नाही लगेच,” आतून आवाज. रडत असेल. रडू दे, मोकळी होईल.

यंदा सुट्टीत काही करायचं नाही, असं तिने ठणकावून सांगितलंय. “दोन घास खायचे आणि पडायचं.” दादा म्हणतो, करायचं, नेहमीसारखं जेवायला बसायचं. मला दोघांचंही पटतं. म्हणजे माझा कुणालाच उपयोग नाही.

११ डिसेंबर

सगळं क्रमाने लिहिते.

व्हायोलिनवाले आले आज. सुट्टीच्या दिवसांत मोठ्या हॉटेलच्या जेवणघरात रोज वाजवतात ते. एकटेच राहतात. त्यांच्या खोलीत ओल फार, कपड्यांना बुरशी धरते, म्हणून त्यांचा एकुलता एक गडद निळा सूट वर्षभर आमच्याकडेच टांगलेला असतो. डिसेंबर आला की येतात आणि घेऊन जातात. “काढा आमच्या नवरदेवाला बाहेर!” म्हणाले. दादा मागच्या दांडीकडे गेला. येईचना. आला तो रिकाम्या हाताने, आणि चेहरा पिळून वाळत घातल्यासारखा. “इस्त्री राहिलीय काका. चार दिवसांनी या.”

दुकान बंद करून आम्ही दोघांनी सगळं पालथं घातलं. दांड्या, टोपल्या, मशीन, पोटमाळा. नाही! आमच्या दुकानात कपडा हरवत नाही. गिऱ्हाइकाचं साधं बटण हरवलं तर बाबा स्वतःच्या शर्टाचं तोडून लावायचे. आणि इथे अख्खा सूट!

मग दादा मटकन टोपलीवर बसला. म्हणाला, “उजव्या बगलेत पट्टी होती.”

“कसली पट्टी?”

“बाबांना सूट घालताना. माझ्या हाताला लागली होती.”

उजव्या बगलेतली पट्टी! वाजवताना गज फिरवायला हात मोकळा हवा म्हणून व्हायोलिनवाल्यांच्या कोटाला जास्तीची पट्टी आहे. मीच शिवली होती. ह्या हातांनी!

म्हणजे बाबा त्यांच्या सुटात गेले. आम्ही सगळ्यांनी त्यांना डोळे भरून पाहिलं आणि परक्या माणसाच्या कपड्यात माती दिली! सैल दिसत होता खरा. मला वाटलं होतं, बाबाच वाळलेत.

१२ डिसेंबर

झोप नाही. सकाळी खाली गेले तर दादा तीच दांडी परत बघत होता.

१३ डिसेंबर

त्या दिवशी सूट आईनेच आणून दिला होता. हँगरसकट दादाच्या हातात ठेवला आणि म्हणाली, “हा घाला.” बाबांचा आणि व्हायोलिनवाल्यांचा, दोन्ही गडद निळे, दोन्ही दुकानाच्याच कव्हरात. तिला तेव्हा भान कसलं असणार! आम्हाला तरी कुठे होतं?

दादा म्हणतो, आईला कळता कामा नये. “नवऱ्याला दुसऱ्याच्या कपड्यात पाठवलं हे कळलं तर हाय खाईल ती.” शपथ घातलीय मला. खरंच आहे. जे झालं ते झालं, त्यात तिला कशाला होरपळायचं?

मावशी कधीची बोलावतेय तिला. हवापालट होईल, जा, असा आम्ही दोघांनी धोशा लावला. ती इथे असती तर काहीतरी तिच्या कानावर पडलंच असतं. आधी मुळीच ऐकेना. “मला इथंच बरं वाटतं.” शेवटी आमच्या कटकटीला कंटाळून तयार झाली. निघताना चष्मा राहिला म्हणून वर गेली, मग रुमाल राहिला म्हणून पुन्हा गेली. दादा खाली गाडीचा भोंगा वाजवत होता.

१५ डिसेंबर

व्हायोलिनवाले आले. दादाने तोंड उघडलं आणि मला कळलं, हा आता मशीन बिघडल्याचं सांगणार. बाबांच्या दुकानात उभं राहून थाप! मी मधेच सांगून टाकलं. सगळं. एका दमात.

ते गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. “माझा सूट? तुमच्या बाबांच्या अंगावर?” मग खाली मान घातली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, संपलं आता, रडवलं आपण म्हाताऱ्या माणसाला. तर ते हसत होते! “हात छान फिरतो म्हणावं त्या कोटात. वर कुणी वाद्य दिलं तर अडचण नाही.” मग डोळे पुसले. ते मात्र हसून आलेलं पाणी नव्हतं. “सज्जन माणूस. मला न विचारता माझी कधी पिनसुद्धा घेतली नाही. घेतलं ते एकदम सूटच!”

दादाने हात जोडले. ते म्हणाले, “कुणाला बोलणार नाही मी. पण पोरी, वीस तारखेला अंगात काय घालू ते सांग. स्वेटर घालून गेलो तर हॉटेलवाले दारातूनच परत पाठवतील. ह्या दोन आठवड्यांवर वर्ष निघतं माझं.”

उद्या सकाळीच शिंप्यांकडे जाते.

१६ डिसेंबर

तीन शिंप्यांकडे जाऊन आले. सुट्टीच्या तोंडावर सूट? चार दिवसांत? एकाने तर नुसती कात्री दाखवली!

दुपारी दादा म्हणाला, “अगं, बाबांनी स्वतःचा घातलाच नाही. मग तो गेला कुठे?”

घरातच होता. आईच्या कपाटात, तिच्या लांब कोटाच्या मागे, कव्हरात. बिचारी! तिथे ठेवून विसरली असणार. हँगर हातात घेतला आणि मी खाली बसले. त्याच्या खिशाचं टोक धरून लहान मुलीसारखी रडले. ऑक्टोबरात असं रडायला आलंच नव्हतं. तेव्हा नुसता धक्का होता, कुणी कानाखाली वाजवल्यासारखा, आणि त्यानंतर सगळं लांबून ऐकू येत होतं.

दादा दारात येऊन उभा राहिला. “बाबा असते तर त्यांनीच काढून दिला असता,” म्हणाला. मला माहीत आहे. दिलाच असता. तरी मी लगेच उठले नाही.

१८ डिसेंबर

सूट झाला. आत्याकडच्या समारंभात घातला होता बाबांनी, त्यानंतर लगेच आजारी पडले, धुवायचा राहूनच गेला होता. कॉलरला तेल, बाह्यांच्या कडांना मळ, छातीवर सरबताचा डाग. दादा म्हणाला, मशीनमध्ये मी टाकतो, तुला नाही जमणार. मी म्हटलं, माझ्या बापाचा कपडा आहे, मीच धुणार. आधी हाताने डाग काढले, मग मशीन, मग वाफ. कॉलर मनासारखी होईना, ती पुन्हा केली. असा सूट ह्या मोसमात दुसरा निघाला नसेल.

शिंप्याने शिवणीच्या आत कापडाची भरपूर माया सोडली होती, म्हणून पाठीत उसवून मोठा करता आला. बऱ्याच वर्षांपूर्वीचा ना हा! बाबा तेव्हा चांगले गुटगुटीत होते, म्हणून फार उसवावं लागलं नाही. उजव्या बगलेत नवी पट्टी बसवली. व्हायोलिनवाल्यांनी घालून पाहिला, रिकामा हात दोनदा हवेत फिरवला आणि नुसतं “अहाहा” म्हणाले. जाताना बाबांच्या टेबलाला हात लावून गेले.

२२ डिसेंबर

काल हॉटेलात जाऊन आले. जेवायला नाही, बाहेरच्या दालनात एक कॉफी घेऊन बसले. सगळीकडे दिवे, नटलेली माणसं, निम्म्यांच्या अंगावर आमच्याकडचीच इस्त्री. सगळ्यांचे आईबाप बरोबर. निदान मला तरी तसंच दिसत होतं.

व्हायोलिनवाले वाजवता वाजवता वळले आणि — पाठमोरे बाबा! तेच खांदे, तोच कोट. बाबा व्हायोलिन वाजवताहेत! शिट्टीसुद्धा धड वाजवता यायची नाही माणसाला. कप बशीत ठेवताना सांडला. उठून पळावंसं वाटत होतं, आणि त्यांनी पुन्हा वळू नये असंही वाटत होतं.

घरी येऊन दादाला सांगितलं. “मी नाही जाणार बघायला,” म्हणाला. आज गेला!

२४ डिसेंबर

दुकान बंद. सगळे कपडे गेले, सगळ्या दांड्या रिकाम्या. अशा वेळी बाबा मधे उभे राहून टाळी वाजवायचे — आवाज घुमतो म्हणून. मी वाजवली. घुमला. वाजवायला नको होती.

२७ डिसेंबर

आईचा फोन. कधी आणायला येता म्हणून तिसऱ्यांदा विचारलं. मावशी मागून ओरडत होती, “हिला आमच्यात करमतच नाही!” दादाला म्हटलं, बघ, घराची ओढ लागली, म्हणजे माणसात येतेय.

३० डिसेंबर

आई आली! मावशीने खाऊ घालून गालांवर जरा मांस आणलंय. आल्या आल्या दुकानात डोकावली, पावत्यांची चवड सरळ केली, “काय पसारा मांडलाय!” म्हणाली. उद्या सगळे एकत्र जेवू, हेसुद्धा तीच म्हणाली. मी आणि दादा खुळ्यासारखे एकमेकांकडे बघून हसत होतो. मग ती वर गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने जिन्यात उभी. “माझ्या कपाटातला सूट कुणी काढला?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. दादाने तिला खुर्चीवर बसवलं आणि फार जपून सगळं सांगितलं — तुझा काही दोष नाही आई, त्या दिवशी कुणाच्याही हातून झालं असतं, व्हायोलिनवाल्यांनी मनाला लावून घेतलेलं नाही. तिने पूर्ण ऐकलं. उठून वर गेली. जेवलीही नाही. दादा म्हणतो, धक्का बसलाय, चूक कळल्याचा.

३१ डिसेंबर

चूक झालीच नव्हती! व्हायोलिनवाल्यांचं नाव वाचून, बघूनसवरून आईने तो सूट काढला होता. “ह्यांचा द्यायचा नव्हता मला. ह्यांचा वास होता त्यात. बाकी सगळं तुम्ही पोरांनी त्याच आठवड्यात धुऊन, घड्या घालून ठेवलंत. तेवढा एकच राहिला होता माझ्याकडे. व्हायोलिनवाल्यांचं डिसेंबरात बघू म्हटलं. डिसेंबर येईल असं तेव्हा वाटतच नव्हतं गं.”

रोज दुपारी दार लावून ती त्याच्यापाशी बसायची.

आत्ता जाऊन परत आणते, मी म्हटलं. नको म्हणाली. मग काउंटरवर विचारायची तशीच, पण अगदी हळू: “कॉलर नीट निघाली का?”

“हो आई,” मी म्हटलं. “सगळं निघालं.”