नीरेच्या वाळूतला भुंगा

आई, सकाळपासून छपराच्या बांबूत एक भुंगा गुणगुणतोय. खाली ओसरीवर पिवळी पूड सांडलीय. भोक बुजवायला हवं, पण मी कागद घेऊन इथंच बसलोय, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट इतक्या वर्षांनी उगाच ठणकल्यासारखं वाटतंय.

वैशाख होता. कांदा निघाला होता, मळ्यात फारसं काम नव्हतं, आणि तू दादांच्या मागं लागलीस की नीरेला जाऊ, तुझ्या माहेरच्या मैत्रिणीनं नदीच्या वाळूत कलिंगडं लावलीत. दादा म्हणाले, "कलिंगाड काय बाजारात मिळंना व्हय?" तू म्हणालीस, "मिळतंय की. पर बाजारात नदी मिळती का?" झालं. पहाटे गाडी जुंपली. दादा, तू, माहेरपणाला आलेली आत्या आणि मी. निमगाव मागं पडेपर्यंत तुम्ही दोघी इतकं बोलत होतात, की दादा शेवटी बैलांशी बोलायला लागले.

नदी म्हणजे पलीकडच्या काठाला लागलेली पाण्याची बारीक धार. अलीकडं सगळी वाळू, वाळूत खड्डे, खड्ड्यांतून वेल. मी चौथीत. मुठीएवढं फळ दिसलं की ओरडतोय, "ते बघ, ते बघ!" आणि बोट दाखवतोय. आत्या खाडकन हातावर चापट मारते. "कोवळ्या फळाला बोट दावू नगं रं, कुजतंय त्ये. मूठ दाव, मूठ." परक्या माणसांसमोर चापट! माझं डोकं तापलं. बोट दाखवू देत नाहीत काय, मग कुठंतरी घालतोच, असा काहीतरी विचार करत मी तुझ्या मैत्रिणीच्या खोपीमागं गेलो. तिथं एका बांबूला गोल भोक होतं, गिरमिटानं पाडल्यासारखं. आतून गुणगुण येत होती. मी बोट घातलं.

त्या भुंग्याचा मला कधीच राग आला नाही. घरात शिरलेल्या बोटाचं त्यानं दुसरं करायचं काय? मी मात्र अशी किंकाळी फोडली की बैल उठून उभे राहिले. आधी दादा आले आणि पाठीत एक धपाटा बसला. "भोकात बोट घालतंय, गाढाव!" मागून तू विळा घेऊन पळत आलीस. "अवो, आदी फुंकर घाला त्येच्या बोटाला. मग काय मारायचं ती मारा." आणि दादा, चार माणसांत मला कधी कडेवरही न घेतलेले दादा, त्या तापल्या वाळूत बसले नि माझं बोट तोंडापाशी धरून फुंकर घालू लागले. तू विळ्याची पाठ बोटावर घासतेयस. आत्या चंचीतला चुना लावते आणि म्हणते, "बघ, कलिंगाड ऱ्हायलं, ह्येचंच बोट कुजतंय आता." तू हसलीस. मी रडत होतो आणि तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. त्याचा राग मात्र पुष्कळ दिवस टिकला.

पुढच्या पावसाळ्यात तू गेलीस. दादा कामापुरतं बोलू लागले. हायस्कुलासाठी आत्यानं मला बारामतीला नेलं. तिथं शेजारी एक मुलगी आहे. तुला काय सांगू? मी भांडायला उभा राहिलो की सगळे गप्प होतात, ती होत नाही. म्हणते, "तुमचा राग आधी शिंक्यावर ठेवून या, मग बोलू." पुण्याला कॉलेजात गेलो, पण वर्गात फळ्याकडं बघत मी तिला उत्तरं देत बसायचो. सोमवारी तिला बघायला सुप्याची मंडळी येणार, असं आत्याकडून कळलं आणि इंटरची परीक्षा अर्ध्यात टाकून मी एस.टी.त बसलो. दादांनी विचारलं, "पेपर संपलं?" मी म्हणालो, "नाही." तेव्हापासून दादा माझ्याशी कामापुरतंही बोलत नाहीत.

वाटेत बारामतीला उतरलो तेव्हा आत्या म्हणाली, "पोरगी तयार हाय. पर कालेज सोडलेल्या पोराच्या दारात तिचा बाप कशाला यील? तुज्या बापानंच जायला पायजे." आणि आपल्याकडं मुलाच्या बापानं आधी पायरी चढायची नसते. दादा तर मुळीच चढायचे नाहीत. तू असतीस तर त्यांना ढकलत नेलं असतंस. सोमवार परवावर आलाय, आणि मी तुला पत्र लिहीत बसलोय. जाऊ दे, उठतोच.

जाऊन आलो. दादा वांग्यांना पाणी देत होते. मी बांधावरूनच म्हणालो, "दादा, आईची इच्छा होती."

"कसली?"

"आत्याच्या शेजारची मुलगी सून करायची. मला म्हणाली होती."

त्यांनी खोऱ्यानं एक वाफा बंद केला, दुसरा उघडला. "ती मानसं बारामतीत आली तीच तुजी आई गेल्यावर. तिला काय सपान पडलं व्हतं?"

पाणी वाफ्याच्या टोकाला पोचलं. मग दादांनी खोरं माझ्या हातात दिलं. "वाफं भरंपत्तुर हलू नगं." घराकडं गेले. थोड्या वेळानं बघतो तर धुतलेला पटका बांधून एस.टी.च्या रस्त्याला लागलेले. तिथूनच ओरडले, "परीक्षेचं मातूर आल्यावर बघतो तुज्याकडं!"

वाफे भरून आलो, हात अजून चिखलाचे आहेत. दादा काय उत्तर घेऊन येतात कोण जाणे. ते यायच्या आत हा कागद फाडून टाकीन. तुझ्या नावावर मी खोटं बोललो, त्याचं मला फारसं वाटत नाही, तू सांभाळून घेशील. पण आई, तू काय म्हणाली असतीस हे ठरवताना एक गोष्ट लक्षात आली. तुझा आवाज मला आता आठवत नाही. वर तुझी म्हणून लिहिलेली सगळी वाक्यं मला आत्याच्या आवाजातच ऐकू आली.