जिंकून एकेचाळिसावे

अलेक्झांड्रिया, १० मे

चि. वगीह यास अर्धे आशीर्वाद. उरलेले तुझं उत्तर पाहून.

आज रविवार, १० मे, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी तुमच्या कैरोच्या कचेरीने संगणकावर खेळणाऱ्या संघांची क्रमवारी लावली आणि माझ्या नातवांचा ‘मनारा’ संघ सहाव्यावरून एकेचाळिसाव्यावर फेकला. का? तर गेल्या आठवड्यात ते दोन्ही सामने जिंकले म्हणून! शाळेत सिस्टर बर्नादेत पट्टी मारत, पण बरोबर उत्तरावर नव्हे.

रियाधच्या स्पर्धेला पहिल्या आठांनाच बोलावणं. नातू करास त्यासाठी संगणकासमोर कुबड काढून बसलाय. आज तो जेवला नाही. त्याच्या भावाने, अबानूबने त्याचंही खाल्लं, पण दुःखाने. लुटुपुटीच्या बंदुका मला पटत नाहीत. अन्याय त्याहून पटत नाही.

तुझ्या आईने गुडघा जपावा. लोभ वाढवायचा की आटवायचा, ते तुझ्या हाती.

ओदेत मावशी

कैरो, १३ मे

ती. ओदेत मावशीस सा. न. वि. वि.

पत्र वाचताना कान गरम झाले. क्रमवारी गणित लावतं, आणि ओदेत मावशी कोण हे त्याला ठाऊक नाही. बलाढ्य संघाला हरवलं की जास्त गुण, लिंबूटिंबूला हरवलं की थोडे. विजय जुना होईल तसे गुण झिजतात. मात्र ते संघाच्या नावाचे नसतात, माणसांचे असतात. पाचांतले निदान तीन जुने खेळले, तरच संघ तोच.

तुझ्या नातीचं, मिरेलचं लग्न नेमकं सामन्यांच्या दिवशी, आणि त्याला संघातला फादी हवाच होता, नवराच तो! मी तेव्हाच म्हटलं होतं, की एका भावाला तरी खेळू दे. तू म्हणालीस, दोघे भाऊ बहिणीच्या दोन बाजूंनी चालले नाहीत, तर चर्चच्या दारात आडवी पडेन. तिघांच्या जागी तीन बदली बसले. बिचारे जिंकले, पण गणिताच्या लेखी तो कोरा नवा संघ. कुणीही तीन जुने पुन्हा एक सामना खेळले की जुने गुण परत. सामना मंगळवारी, १९ तारखेला आहे. बोलावणी गुरुवारी निघतात. पण मंगळवारीच तू दोघा भावांना रीतीची बदकं घेऊन मिरेलच्या नव्या घरी धाडते आहेस, आणि फादीही तिथे यजमान म्हणून अडकणार, असं आई म्हणते. तिचा गुडघा ठीक, जीभ त्याहून ठीक.

रागातही आठवण ठेव.

तुझा वगीह

अलेक्झांड्रिया, १५ मे

चि. वगीह यास आशीर्वाद, अजून अर्धेच.

आडवी पडेन असं मी म्हणाले नव्हते. बसेन म्हणाले होते. नवरीच्या एका बाजूला भाऊ नि दुसऱ्या बाजूला नुसती हवा, असा फोटो मी भिंतीवर लावणार नाही. गणिताला लग्न कळत नसेल तर शिकवा त्याला.

बदकं मीच टॅक्सीने नेईन. भर उन्हात, पातेलं मांडीवर घेऊन. हे कचेरीत मोठ्याने वाचून दाखव. ऐकल्याबरोबर करास माझे मुके घेऊन ताटावर बसला. मिरेल म्हणते, आजी, फादीलाही घेऊन जा, त्याच्या उसाशांनी पडदे हलतात. तुम्ही तीन मागता, मी पाच देते. एक बदक त्या बदली पोरांना. जिंकूनही त्यांना कुणी शाबासकी दिलेली नाही.

मंगळवारचा सामना जुन्या ‘मनारा’चाच धरला जाईल, हे मला सोमवारी, १८ मे रोजी दुपारी बाराच्या आत लेखी हवं. फोन मी घेणार नाही. उत्तर आलं नाही, तर टॅक्सी मिरेलकडे न वळता थेट कैरोला येईल, आणि तुमच्या कचेरीच्या दारात मी खरोखरच आडवी पडेन.

ओदेत मावशी